कवटीवरचा ललाटलेख : चेझारे लोंब्रोझो

आपल्याकडे मूल जन्माला आले की पाचवीची पूजा होते. पाटावर कोरा कागद आणि लेखणी ठेवतात, कारण सटवाई रात्री येऊन बाळाच्या कपाळी त्याचे नशीब लिहून जाते अशी जुनी समजूत आहे. सटवाईचे हे अक्षर कोणाला वाचता येत नाही, हे एका परीने माणसाचे भाग्यच म्हटले पाहिजे. एकोणिसाव्या शतकात इटलीतील एका डॉक्टरांना मात्र असे वाटू लागले की हे अक्षर आपल्याला वाचता येते. ते कपाळावर नव्हे, तर कवटीच्या आत, कानाच्या पाळीत, जबड्याच्या हाडात लिहिलेले असते आणि पट्टी व कंपास घेऊन बसले की कोण चोर होणार आणि कोण खुनी होणार हे सांगता येते, अशी त्यांची श्रद्धा होती. या डॉक्टरांचे नाव चेझारे लोंब्रोझो. आधुनिक गुन्हेगारशास्त्राचे जनक म्हणून त्यांचे नाव आजही घेतले जाते, आणि विज्ञान कसे वाट चुकते याचे उदाहरण म्हणूनही त्यांचेच नाव घेतले जाते. एकाच माणसाच्या वाट्याला हे दोन्ही मान कसे आले, हे समजून घेण्यासारखे आहे.

लोंब्रोझो यांचा जन्म ६ नोव्हेंबर १८३५ रोजी वेरोना येथे एका ज्यू कुटुंबात झाला. शेक्सपिअरच्या रोमिओ आणि ज्युलिएटमुळे आपल्या परिचयाचे झालेले हे शहर त्या वेळी ऑस्ट्रियाच्या अमलाखाली होते. इटली नावाचे एकसंध राष्ट्र अजून जन्माला यायचे होते. लहानपणापासून त्यांना इतिहास आणि भाषाशास्त्र यांची ओढ होती. तथापि शिक्षण मात्र त्यांनी वैद्यकाचे घेतले. पाविया, पादुआ आणि व्हिएन्ना येथे अभ्यास करून १८५८ मध्ये त्यांनी पाविया विद्यापीठाची पदवी मिळवली. लोंबार्डीतील खेड्यापाड्यांत आढळणाऱ्या, शरीराची व बुद्धीची वाढ खुंटलेल्या रुग्णांवर त्यांनी प्रबंध लिहिला. म्हणजे अगदी सुरुवातीपासून त्यांची दृष्टी गरिबांच्या दुखण्याकडे होती, हे ध्यानात ठेवले पाहिजे.

१८५९ मध्ये ऑस्ट्रियाविरुद्ध युद्ध पेटले तेव्हा लोंब्रोझो सैन्यात डॉक्टर म्हणून दाखल झाले. १८६१ मध्ये इटलीचे राज्य स्थापन झाले, पण दक्षिणेत शांतता नव्हती. नव्या सरकारविरुद्ध तेथील डोंगराळ मुलखात बंडे आणि दरोडे यांना ऊत आला होता. त्यांचा बीमोड करण्यासाठी जे सैन्य गेले, त्याच्याबरोबर लोंब्रोझो १८६२ मध्ये कालाब्रियात गेले. इटलीच्या बुटाचा हा पुढचा भाग. उत्तरेच्या सुशिक्षित माणसाला तेथील दारिद्र्य आणि रीतीभाती परक्या देशातल्या वाटाव्या अशा होत्या. फावल्या वेळात त्यांनी सैनिकांची मापे घेण्याचा सपाटा लावला. उंची, डोके, छाती, हात, सगळे मोजायचे आणि वहीत टिपायचे. हे करताना एक गोष्ट त्यांच्या नजरेत भरली. बेशिस्त आणि अप्रामाणिक सैनिकांच्या अंगावर गोंदण अधिक असते, असे त्यांना वाटले. शरीरावरच्या खुणा आणि मनातले दोष यांचा काहीतरी संबंध असावा, ही कल्पना बहुधा तेव्हाच त्यांच्या डोक्यात रुजली.

पुढे ते पावियाला वेड्यांच्या इस्पितळात काम करू लागले आणि तेथेच त्यांच्या आयुष्याला वळण देणारी घटना घडली. जुझेप्पे विलेल्ला नावाच्या एका कालाब्रियन कैद्याचा तुरुंगवासात मृत्यू झाला होता. लोंब्रोझो त्याला दरोडेखोर म्हणत. अलीकडच्या अभ्यासकांच्या मते तो एक भुरटा चोर होता. त्याची कवटी तपासताना लोंब्रोझो यांना तिच्या मागच्या बाजूस, जेथे एरवी हाडाचा उंचवटा असतो तेथे, लहानसा खळगा दिसला. असा खळगा काही खालच्या श्रेणीच्या प्राण्यांत आढळतो. हे १८७० च्या सुमारास घडले. डार्विनचे उत्क्रांतिवादावरील पुस्तक प्रसिद्ध होऊन तेव्हा जेमतेम अकरा वर्षे झाली होती आणि सारा युरोप त्या विचाराने भारावला होता. लोंब्रोझो यांना त्या खळग्यात सगळ्या कोड्याचे उत्तर सापडल्यासारखे झाले. गुन्हेगार हा आपल्या काळात चुकून जन्मलेला आदिमानव आहे. त्याच्या ठायी उत्क्रांती मागे वळली आहे. म्हणून तो रानटी माणसासारखा किंवा श्वापदासारखा वागतो. एका कवटीतल्या एका खळग्यावर त्यांनी एवढी मोठी इमारत उभी केली.

या काळात ते आणखी एका कामात बुडालेले होते आणि ते काम विसरणे अन्यायाचे होईल. उत्तर इटलीतील शेतमजूर मक्याच्या पिठाच्या घट्ट लापशीवर जगत. त्यांना पेलाग्रा नावाचा भयंकर रोग होई. कातडी भाजल्यासारखी सोलवटून निघे, हगवण लागे, शेवटी वेड लागून माणूस मरे. वेड्यांच्या इस्पितळांत असे कितीतरी शेतकरी येऊन पडत. लोंब्रोझो यांनी वर्षानुवर्षे या रोगाचा माग काढला आणि सांगितले की दोष मजुरांच्या रक्तात नाही. त्यांना मिळणाऱ्या सडक्या मक्यात आहे. हे ऐकून जमीनदार खवळले, कारण तो मका तेच मजुरांच्या गळ्यात मारत असत. वैद्यकातील बड्या मंडळींनीही लोंब्रोझो यांची टर उडवली. पण ते मागे हटले नाहीत. अखेर १९०२ मध्ये इटलीने या रोगाविरुद्ध कायदा केला. खरे पाहता त्यांचे निदान पुरते बरोबर नव्हते. मका सडका असो वा चांगला, त्यातून शरीराला नायसिन हे जीवनसत्त्व पुरेसे मिळत नाही म्हणून हा रोग होतो, हे पुढे अमेरिकेत गोल्डबर्गर आणि इतर संशोधकांच्या कामातून सिद्ध झाले. तरीही रोगाचे मूळ गरिबाच्या ताटात शोधावे, त्याच्या जातकुळीत नव्हे, ही लोंब्रोझो यांची दिशा अचूक होती.

येथे आपल्याला थांबून विचार करावासा वाटतो. पेलाग्राच्या रुग्णाकडे पाहताना ज्या डॉक्टरांना त्याची भूक दिसली, त्याच डॉक्टरांना विलेल्लाकडे पाहताना ती का दिसली नाही? तोही उपाशी मुलखातलाच माणूस होता. या प्रश्नाचे उत्तर लोंब्रोझो यांच्या पुढील आयुष्यात शोधावे लागते.

१८७० मध्ये त्यांचा नीना दे बेनेदेत्ती यांच्याशी विवाह झाला. १८७६ मध्ये तुरिन विद्यापीठात न्यायवैद्यकाचे प्राध्यापक म्हणून त्यांची नेमणूक झाली आणि त्याच वर्षी त्यांचा गुन्हेगार मानवावरील ग्रंथ प्रसिद्ध झाला. पहिली आवृत्ती अवघ्या अडीचशे पानांची होती. पुढच्या वीस वर्षांत तिच्या पाच आवृत्त्या निघाल्या आणि ग्रंथ फुगत फुगत अनेक खंडांचा झाला. पुढे आलेला जबडा, मागे झुकलेले कपाळ, मोठे कान, लांब हात, वेदनेची जाणीव कमी असणे, अशा खुणांची यादी लांबत गेली. जन्मजात गुन्हेगार हा शब्दप्रयोग त्यांचे शिष्य एन्रिको फेर्री यांनी रूढ केला, पण तो कायमचा चिकटला गुरूच्याच नावाला. सगळे गुन्हेगार जन्मजात असतात असे मात्र लोंब्रोझो यांनी म्हटले नव्हते. परिस्थितीने, रागाच्या भरात किंवा वेडाच्या भरात गुन्हा करणारे त्यांनी वेगळे काढले आणि उत्तरोत्तर जन्मजात गुन्हेगारांचे प्रमाण कमी करत आणले.

तुरिनमधील त्यांचे घर आणि प्रयोगशाळा म्हणजे एक अजब दुनिया होती. कवट्या, मेंदू, मृतांचे मुखवटे, गोंदणाच्या आकृत्या, चोरांची हत्यारे यांचा नुसता खच पडला होता. कैद्यांनी तुरुंगाच्या भिंतींवर आणि पाण्याच्या मडक्यांवर ओरखडलेली वाक्येसुद्धा त्यांनी जमवली आणि १८८८ मध्ये पुस्तकरूपाने छापली. त्यांच्या आधीचे कायदेपंडित गुन्हा पाहत. गुन्हा करणारा माणूस कोण, तो कसा जगला, काय बोलतो, काय लिहितो याची चौकशी सहसा कोणी करत नसे. लोंब्रोझो यांनी ती केली. बंदिवानाच्या मडक्यावरचे अक्षरही जपून ठेवण्याजोगे आहे असे वाटणारा माणूस निर्दय नव्हता.

१८८४ मध्ये नेपल्सच्या एका बराकीत साल्वातोरे मिस्देआ नावाच्या कालाब्रियन शिपायाने भांडणानंतर बंदूक उचलून आपल्या सोबत्यांवर गोळ्या झाडल्या. त्यात अनेकजण मेले. लोंब्रोझो यांनी या प्रकरणाचा अभ्यास करून मिस्देआला अपस्माराचा विकार आहे असे मत मांडले. न्यायालयाने ते मानले नाही आणि मिस्देआला गोळ्या घालून देहदंड देण्यात आला. पण येथून लोंब्रोझो यांच्या सिद्धांताला वेगळे वळण लागले. कवटीच्या हाडावरून त्यांचे लक्ष आतल्या मेंदूकडे गेले. मेंदूतील बिघाडामुळे माणसाचा स्वतःवरचा ताबा सुटतो आणि हिंसा घडते, या विचाराला त्यांनी आपल्या ग्रंथात मोठी जागा दिली. लहान मुलांचा संताप, त्यांचा उतावीळपणा, प्राण्यांना छळण्याची खोड यांतही त्यांना गुन्हेगारीचे बीज दिसे. योग्य शिक्षणाने बहुतेकांत ते बीज करपून जाते असे त्यांचे म्हणणे होते.

कीर्तीबरोबर विरोधही वाढला. १८८५ मध्ये रोम येथे भरलेल्या गुन्हेगार मानवशास्त्राच्या पहिल्या आंतरराष्ट्रीय परिषदेतच फ्रान्सच्या लाकासान्य यांनी समाजाची परिस्थिती हेच गुन्ह्याचे खरे कारण असल्याचे ठासून सांगितले. पुढच्या परिषदांत हा वाद इतका विकोपाला गेला की १८९२ च्या ब्रसेल्स परिषदेला इटालियन मंडळी गेलीच नाहीत. १८९७ मध्ये मॉस्कोच्या वैद्यक परिषदेसाठी गेले असता लोंब्रोझो टॉलस्टॉय यांना भेटायला त्यांच्या गावी गेले. प्रतिभा आणि वेड यांचे नाते सांगणारा सिद्धांतही लोंब्रोझो यांनी मांडला होता, तेव्हा या महान लेखकाला जवळून न्याहाळण्याची उत्सुकता त्यांना असणारच. टॉलस्टॉय यांच्यावर मात्र पाहुण्यांची छाप पडली नाही. माणसाने माणसाला शिक्षा देण्याचा अधिकारच ज्यांना मान्य नव्हता, त्यांना कवटीच्या मापांत काय रस असणार?

लोंब्रोझो यांच्या आयुष्यात अशा विसंगती पुष्कळ आहेत. ते समाजवादी पक्षात गेले आणि तुरिनच्या नगरपालिकेवर निवडून आले, पण काही गुन्हेगारांना देहदंडावाचून उपाय नाही असेही सांगत राहिले. ज्यूद्वेषाविरुद्ध त्यांनी १८९४ मध्ये पुस्तक लिहिले, पण कृष्णवर्णीयांना ते खालच्या पायरीवर बसवत. जावई गुल्येल्मो फेरेरो यांच्यासह १८९३ मध्ये लिहिलेल्या ग्रंथात त्यांनी स्त्रीला पुरुषापेक्षा कमी विकसित ठरवले, आणि त्याच घरात पाओला व जीना या त्यांच्या कर्तबगार मुली त्यांच्या कामाला हातभार लावत होत्या. आयुष्यभर मोजमापाखेरीज काही न मानणारा हा माणूस १८९१ मध्ये नेपल्सच्या एका बाईच्या प्रेतात्म्याच्या बैठकीला बसला, तेथे टेबल हलताना पाहून चकित झाला आणि शेवटी भुताखेतांवर पुस्तक लिहून गेला. १९ ऑक्टोबर १९०९ रोजी तुरिन येथे त्यांचे निधन झाले.

त्यांच्या मृत्यूनंतर चारच वर्षांनी, १९१३ मध्ये, इंग्लंडच्या तुरुंगातील डॉक्टर चार्ल्स गोरिंग यांचा अहवाल प्रसिद्ध झाला. गोरिंग यांनी सुमारे तीन हजार कैद्यांची मापे घेतली आणि ती विद्यार्थी, सैनिक अशा इतर लोकांच्या मापांशी ताडून पाहिली. गुन्हेगाराचा म्हणून वेगळा असा शारीरिक नमुना नसतो, हा त्यांचा निष्कर्ष होता. मघाच्या प्रश्नाचे उत्तर येथे सापडते. लोंब्रोझो यांनी मोजले पुष्कळ, पण कोणाशी तुलना करून मोजायचे याची काटेकोर काळजी घेतली नाही. तुरुंगात दक्षिणेचे गरीब भरलेले. त्यांच्या चेहऱ्याची ठेवण पाहून ती गुन्हेगाराची ठेवण आहे असे त्यांनी मानले. गरीब तुरुंगात का येतो, हा प्रश्न बाजूला राहिला. पेलाग्राच्या वेळी त्यांनी ताटापासून सुरुवात केली होती. गुन्ह्याच्या वेळी त्यांनी हाडापासून सुरुवात केली.

जन्मजात गुन्हेगार ही कल्पना एकट्या लोंब्रोझो यांची नव्हती, ती त्या काळाच्या हवेतच होती. त्यांच्या ग्रंथाच्या पाच वर्षे आधी, १८७१ मध्ये, हिंदुस्थानातील इंग्रज सरकारने गुन्हेगार जमातींचा कायदा केला आणि पुढे तो मुंबई इलाख्यालाही लागू झाला. पारधी, कैकाडी, भामटे यांसारख्या जमातींत जन्माला येणे हाच गुन्हा ठरला. सोलापूरच्या सेटलमेंटमध्ये तारेच्या कुंपणाआड माणसांच्या पिढ्या गेल्या. १९५२ मध्ये हा कायदा रद्द झाला, पण कपाळावरचा शिक्का पुसला गेला नाही. लक्ष्मण माने यांचे उपरा आणि लक्ष्मण गायकवाड यांचे उचल्या ज्यांनी वाचले आहे, त्यांना जन्मजात गुन्हेगार या दोन शब्दांचे वजन वेगळे समजावून सांगायला नको.

मग मेंदू आणि गुन्हा यांचा संबंधच नाही काय? तसेही म्हणता येत नाही. १९०२ मध्ये, लोंब्रोझो हयात असतानाच, लंडनचे बालरोगतज्ज्ञ जॉर्ज स्टिल यांनी व्याख्यानांतून अशा मुलांची हकीकत सांगितली की ज्यांची बुद्धी शाबूत आहे, पण चित्त एका जागी ठरत नाही आणि राग आवरत नाही. १९३७ मध्ये अमेरिकेत चार्ल्स ब्रॅडली यांना बेन्झेड्रिन या औषधाने अशा काही मुलांचे वागणे आणि अभ्यास सुधारलेला दिसला. १९८० मध्ये अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या सूचीत या विकाराला अवधान कमी पडण्याचा विकार असे नाव मिळाले. तुरुंगातील प्रौढांपैकी जवळजवळ एक चतुर्थांश लोकांत हा विकार असावा असे अनेक देशांतील पाहणीचा एकत्रित हिशेब सांगतो. १९९७ मध्ये एड्रियन रेन यांनी ४१ खुनी माणसांच्या मेंदूच्या प्रतिमा काढल्या, तेव्हा कपाळामागचा, म्हणजे मनाला लगाम घालणारा भाग इतरांच्या मानाने मंद चालत असल्याचे सरासरीत दिसून आले.

हे वाचून लोंब्रोझो यांचाच विजय झाला असे कोणाला वाटेल. पण सरासरी म्हणजे भविष्य नव्हे. अवधानाचा विकार असलेली बहुसंख्य माणसे आयुष्यात कोणावर हात उगारत नाहीत. शिवाय २०१२ मध्ये स्वीडनमधून एक मोलाचा पुरावा पुढे आला. हा विकार असलेल्या २५ हजारांहून अधिक लोकांची नोंद तपासली गेली. त्यात रोग्याची तुलना दुसऱ्या कोणाशी नव्हे, तर त्याच्या स्वतःशीच करण्यात आली. औषध चालू असतानाच्या काळात त्याच माणसांच्या हातून घडणाऱ्या गुन्ह्यांचे प्रमाण पुरुषांत ३२ टक्क्यांनी आणि स्त्रियांत ४१ टक्क्यांनी कमी आढळले. मेंदू तोच, माणूस तोच, तरी वागणे बदलले. जे बदलते त्याला ललाटलेख कसे म्हणावे? विकार उपचाराची वाट पाहत असतो. शिक्का मात्र कशाचीच वाट पाहत नाही. लोंब्रोझो यांची मोठी चूक ही की त्यांनी लक्षण पाहिले आणि ते नशीब म्हणून वाचले.

लोंब्रोझो यांनी आपला देह विज्ञानाला देऊन टाकला होता. त्यांच्या इच्छेप्रमाणे शवविच्छेदन झाले आणि त्यांचा सांगाडा तुरिनच्या संग्रहालयात, त्यांनी जमवलेल्या कवट्यांच्याच सोबतीला ठेवला गेला. २००९ मध्ये हे संग्रहालय नव्याने उघडले. विलेल्लाच्या गावकऱ्यांनी त्याची कवटी परत मागितली; २०१२ मध्ये खालच्या न्यायालयाने ती द्यावी असा निकाल दिला, पण २०१७ मध्ये वरच्या न्यायालयाने तो फिरवला. मोजणारा आणि मोजला गेलेला आज एकाच छपराखाली आहेत. त्यांचे दुसरे जावई आणि विद्यापीठातील वारसदार मारिओ कार्रारा यांची गोष्टही सांगितली पाहिजे. १९३१ मध्ये मुसोलिनीच्या सरकारने प्राध्यापकांकडून निष्ठेची शपथ मागितली, तेव्हा बाराशेंच्या आसपास प्राध्यापकांत जे मूठभर नकार देणारे निघाले, त्यांत कार्रारा होते. त्यांनी नोकरी गमावली, पण शपथ घेतली नाही. माणूस काय करील हे कोणत्या हाडावरून ओळखायचे?

आपल्यापैकी अनेकजण उद्या शिक्षक होतील, काहीजण वकील, पत्रकार किंवा अधिकारी होतील. वर्गात एका जागी न बसणारा, खिडकीबाहेर पाहणारा, क्षणात हातघाईवर येणारा मुलगा आपल्याला भेटणारच आहे. त्याच्याकडे पाहून हा वाया जाणार असे म्हणायला काही लागत नाही. तो आज काय खाऊन आला, रात्री झोपला की नाही, घरी काय चालले आहे, त्याला डॉक्टरांकडे नेण्याची गरज आहे काय, हे विचारायला मात्र वेळ काढावा लागतो. पेलाग्राचा शोध घेणाऱ्या तरुण लोंब्रोझो यांनी हा वेळ काढला होता. त्यांच्यापासून घ्यायचे असेल तर आपण तेवढे घ्यावे.